काडतूस-विक्रीवरील प्रस्तावित निर्बंधांवर हरकत कशी नोंदवावी

काडतुसांच्या विक्रीवर नवे निर्बंध येणार, अशी बातमी आली की बंदूकधारकांमध्ये पहिल्या दोन-चार दिवसांत दोन गोष्टी हमखास घडतात. संतापाचे संदेश इकडून तिकडे फिरू लागतात आणि दुकानांतल्या फळ्या रिकाम्या होऊ लागतात. यांपैकी कशाचाही मसुदा लिहिणाऱ्यावर फारसा परिणाम होत नाही. त्याला दखल घ्यावी लागते ती लेखी हरकतीची, म्हणजे अमुक कलमातील तमुक शब्दांमुळे कोणाचे नेमके काय अडते आणि ते शब्द कसे बदलावेत, हे सांगणाऱ्या मजकुराची. असा मजकूर कसा तयार करावा, एवढेच इथे सांगायचे आहे. निर्बंध असावेत की नसावेत, याचा निवाडा करण्याचा हेतू नाही. ज्यांना प्रस्ताव मान्य आहे असेही बंदूकधारक असतात, आणि त्यांनाही आपला पाठिंबा याच पद्धतीने मांडता येईल.

प्रस्ताव कोणत्या स्वरूपाचा आहे, हे सर्वप्रथम पाहावे. विधिमंडळात मांडलेले विधेयक, प्रशासनाने प्रसिद्ध केलेला नियमांचा मसुदा आणि थेट मतदारांपुढे जाणारा जनमताचा प्रस्ताव या तिन्हींची दारे वेगवेगळी असतात. विधेयकाबाबत आपल्या लोकप्रतिनिधीला आणि संबंधित समितीला लिहावे लागते. नियमांच्या मसुद्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. जनमताच्या प्रस्तावात मात्र शब्द बदलून घेण्याची संधी मतपत्रिका छापली जाण्याच्या बरीच आधी संपलेली असते. कॅलिफोर्नियात २०१६ सालच्या नोव्हेंबरमध्ये ‘प्रस्ताव ६३’ सुमारे ६३ टक्के मतांनी मंजूर झाला आणि त्यातूनच तेथील काडतूस-खरेदीची आजची चौकट उभी राहिली. त्या मतदानानंतर पाठवलेल्या पत्रांना स्वीकारणारे कार्यालयच उरले नव्हते. म्हणून बातमी वाचताच पहिला प्रश्न असा विचारावा की हा मजकूर या घटकेला कोणाच्या हाती आहे, आणि तो कोणत्या तारखेपर्यंत बदलता येण्याजोगा आहे.

दुसरे म्हणजे मूळ मसुदा मिळवून वाचावा. बातमीवर किंवा एखाद्या संघटनेने पाठवलेल्या सारांशावर विसंबून लिहिलेली हरकत बहुतेक वेळा मसुद्यात नसलेल्याच गोष्टीवर तुटून पडते, आणि अशी हरकत बाजूला ठेवणे अधिकाऱ्याला अगदी सोपे जाते. शिवाय मसुदा वाटेत बदलत असतो. भारतात २०१९ साली शस्त्र अधिनियमात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले गेले, तेव्हा एका परवानाधारकाकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून एकवर आणण्याचा त्यात प्रस्ताव होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधेयक संमत झाले तेव्हा ती संख्या दोन होती. त्यामुळे आपण वाचत असलेली प्रत कोणत्या तारखेची आहे, हे हरकतीच्या पहिल्याच ओळीत नोंदवावे.

व्याख्या आधी वाचाव्यात

मसुदा उघडल्यावर शिक्षेच्या कलमाकडे धाव घेण्याचा मोह होतो. तो आवरून व्याख्यांचे कलम दोनदा वाचावे. निर्बंधाची खरी व्याप्ती तिथेच ठरलेली असते.

‘दारूगोळा’ या शब्दात काय काय येते, हे पाहा. अमेरिकेच्या संघीय कायद्यातील व्याख्येत तयार काडतुसाबरोबरच रिकामी पुंगळी, प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), गोळी आणि बंदुकीची दारू हे घटकही येतात. जो बंदूकधारक वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून स्वतः काडतुसे बनवतो, त्याच्या दृष्टीने ही व्याख्या म्हणजे संपूर्ण प्रस्तावच होय. विक्रीवरची मर्यादा ‘काडतुसां’वर आहे की ‘दारूगोळ्या’वर, या एका शब्दाने त्याला एक निर्बंध लागू होतो किंवा पाच.

वर्गीकरणाचेही तसेच आहे. अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याला १८ वर्षांखालील व्यक्तीला रायफलचे किंवा छऱ्यांच्या बंदुकीचे (शॉटगनचे) काडतूस विकता येत नाही, आणि पिस्तुलासारख्या हातबंदुकीच्या काडतुसासाठी ही अट २१ वर्षांची आहे. आता पॉइंट टू-टू हे काडतूस रायफलीतही चालते आणि पिस्तुलातही. मग गल्ल्यावर उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या ग्राहकाला ते कोणत्या वर्गातले म्हणून विकायचे? असा दुहेरी वापर असलेले काडतूस तुमच्या मसुद्यात कुठे बसते, हे शोधावे. जर ते कुठेच नीट बसत नसेल, तर तुमच्या हरकतीचा सर्वांत भक्कम मुद्दा बहुधा हातात आलेला आहे.

व्याख्येवरच्या हरकतीचे सामर्थ्य दाखवणारा प्रसंग २०१५ सालचा आहे. अमेरिकेतील मद्य, तंबाखू, बंदुका व स्फोटके यांचे नियमन करणाऱ्या संघीय यंत्रणेने, म्हणजे एटीएफने, १३ फेब्रुवारी रोजी एक चौकट प्रसिद्ध केली. ५.५६ मिलिमीटरच्या एम८५५ या काडतुसाला १९८६ पासून मिळालेली सवलत त्या चौकटीने जाणार होती आणि ते ‘चिलखतभेदी’ ठरून त्याची सर्वसाधारण विक्री थांबणार होती. हरकतींची मुदत १६ मार्चपर्यंत होती. ८० हजारांहून अधिक प्रतिक्रिया आल्या आणि मुदत संपण्यापूर्वीच, १० मार्चला, यंत्रणेने चौकट तूर्त अमलात आणणार नसल्याचे जाहीर केले. प्रतिक्रियांपैकी फार मोठा भाग विरोधात आहे, आणि त्यांतील काही मुद्दे अधिक अभ्यासण्याजोगे आहेत, असे तिने त्या वेळी म्हटले.

या प्रसंगातून ‘संख्या मोठी असली की झाले’ असा अर्थ काढला जातो, तो अपुरा आहे. संख्येमुळे लक्ष वेधले गेले हे खरेच. पण अभ्यासण्याजोगा मुद्दा संख्येतून निर्माण होत नाही. कायद्यातील व्याख्येनुसार हातबंदुकीत वापरता येणारी गोळी किंवा तिचा गाभा पोलाद, लोखंड, पितळ, टंगस्टनचे मिश्रधातू अशा ठरावीक कठीण धातूंचाच, इतर पदार्थांचा लवलेश वगळता संपूर्णपणे, बनलेला असेल तर तिला चिलखतभेदी म्हणायचे. एम८५५ च्या गोळीत पोलादाचे टोक असते आणि त्याच्या मागे शिसे असते. मग ‘संपूर्णपणे’ या शब्दाचे काय करायचे, असा प्रश्न हरकतदारांनी विचारला. एका क्रियाविशेषणावर उभा असलेला हा आक्षेप ‘आमचे हक्क हिरावू नका’ या वाक्यापेक्षा कितीतरी अवघड होता, कारण त्याला उत्तर द्यायचे तर गोळी कापून दाखवावी लागते.

जागेची व्याख्याही अशीच बारकाईने तपासावी. युरोपीय संघाने २०२१ साली केलेल्या आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमाने पाणथळ जागी आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत शिशाच्या छऱ्यांचा वापर थांबवला. पाणपक्षी हे छरे गिळतात आणि त्यांना विषबाधा होते, हे त्यामागचे कारण पुराव्याने पक्के होते, त्यामुळे कारणावर वाद घालण्यात फारसा अर्थ नव्हता. शिकाऱ्यांची खरी अडचण पुढे होती. पाणथळ जागेची व्याख्या पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलीपर्यंत पसरलेली होती, आणि पाणथळ शिकारीला निघालेल्या माणसाकडे त्या पट्ट्यात शिशाचे छरे सापडले, तर तो तिथेच शिकार करत होता असे गृहीत धरून ते खोडून काढण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकलेली होती. पुराव्याचा भार कोणावर आहे, ही गोष्ट मसुद्यात बहुधा एखाद्या पोटकलमाच्या शेपटीला असते. ती शोधून अधोरेखित करावी.

निर्बंधाचा प्रकार ओळखावा

एकदा व्याख्या समजल्या की निर्बंध कोणत्या जातीचा आहे ते पाहावे, कारण प्रत्येक जातीला वेगळा युक्तिवाद लागतो. वयाच्या अटीवर वर आले तेवढे पुरे आहे.

खरेदीपूर्वीच्या पडताळणीवर हरकत घेताना तत्त्वापेक्षा यंत्रणा कशी चालणार आहे, यावर भर द्यावा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक काडतूस-खरेदीच्या वेळी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासली जाऊ लागली. पहिल्या काही महिन्यांत सुमारे १६ टक्के खरेदीदार परत पाठवले गेले, आणि त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत कारण एवढेच होते की सरकारी नोंदीतील नाव-पत्ता त्यांच्या ओळखपत्राशी जुळत नव्हता किंवा त्यांची बंदूक नोंदीतच नव्हती. या पडताळणीला आव्हान देणाऱ्या खटल्यात, २०२० सालच्या एप्रिलमधील निकालपत्रात, संघीय न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी हीच आकडेवारी पुढे ठेवली. मात्र शस्त्र बाळगण्यास मनाई असलेले काही शे लोकही त्याच काळात अडवले गेले होते. हरकतीत पहिला आकडा द्यायचा आणि दुसरा गाळायचा, असे करू नये. प्रस्तावाच्या बाजूचा माणूस तो दुसरा आकडा नक्कीच पुढे आणतो, आणि मग तुमच्या पहिल्या आकड्यावरचाही विश्वास उडतो.

यंत्रणा तयार आहे का, हा प्रश्न न्यूयॉर्क राज्याच्या उदाहरणाने विचारता येतो. तेथील काडतूस-पडताळणीची तरतूद २०१३ सालच्या जानेवारीतील कायद्यात होती, पण प्रत्यक्ष पडताळणी सुरू झाली १३ सप्टेंबर २०२३ रोजी. माहितीसाठा तयार झाल्याखेरीज कलम अमलात येणार नाही, अशी अट मसुद्यातच घालावी, ही सूचना म्हणूनच विरोधकाला आणि समर्थकाला सारखीच मान्य होण्याजोगी आहे.

विक्रीची नोंद ठेवण्याच्या सक्तीबाबत अमेरिकेचा जुना अनुभव हाताशी आहे. १९६८ सालच्या कायद्याने विक्रेत्यांना काडतूस-विक्रीच्या नोंदी ठेवायला लावले; १९८६ साली चिलखतभेदी काडतुसांचा अपवाद वगळता ती सक्ती काढून टाकण्यात आली, आणि या नोंदींचा तपासाला म्हणावा तसा उपयोग होत नाही, हे खुद्द नियामक यंत्रणेने त्या वेळी मान्य केले होते. हे उदाहरण देताना प्रामाणिकपणे एक पुस्ती जोडावी लागते. त्या नोंदी कागदी होत्या, आणि संगणकीय नोंदींबद्दल त्यावरून थेट निष्कर्ष काढता येत नाही. पुस्ती आपणच जोडली, तर समोरच्याच्या हातात ते हत्यार राहत नाही.

राहिली संख्येची मर्यादा, म्हणजे एका वेळी, एका महिन्यात किंवा एका वर्षात किती काडतुसे घेता येतील हा प्रश्न. सर्वाधिक गैरसमज इथेच होतात, कारण ‘हजार काडतुसे’ हा शब्दप्रयोग बंदूक न वापरणाऱ्याच्या कानाला शस्त्रसाठ्यासारखा लागतो. त्याला हिशेब मांडून दाखवावा. छऱ्यांच्या काडतुसांच्या डब्यात साधारणतः २५ नग असतात, कारण ट्रॅप नेमबाजीच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरण्याच्या खेळाच्या, एका फेरीत २५ चकत्या सुटतात. सरावाच्या एका दिवशी चार फेऱ्या केल्या की १०० काडतुसे संपतात, आणि दहा दिवसांच्या सरावात हजार. ऑलिंपिकच्या ट्रॅप प्रकारात पात्रता फेरीलाच १२५ चकत्या असतात आणि प्रत्येक चकतीवर दुसरा बार टाकण्याची मुभा असते, म्हणजे एका स्पर्धेसाठी २५० पर्यंत काडतुसे जवळ ठेवावी लागतात. उलट, वर्षातून दोनदा शिकारीला जाणाऱ्याला दोन डबेही पुरतात. तेव्हा मर्यादेला सरसकट विरोध करण्यापेक्षा, नोंदणीकृत नेमबाजांसाठी वेगळी मर्यादा ठेवावी किंवा नेमबाजीच्या मैदानावर विकत घेऊन तिथेच वापरलेली काडतुसे मोजणीतून वगळावीत, अशी सूचना अधिक टिकते.

हरकत लिहिताना

पहिल्या परिच्छेदात आपण कोण, हे दोन वाक्यांत सांगावे, म्हणजे परवानाधारक, नेमबाज, शिकारी, प्रशिक्षक किंवा विक्रेता यांपैकी काय आणि साधारण किती वर्षांपासून. त्यापुढे प्रत्येक परिच्छेदात एकच कलम घ्यावे. त्याचा क्रमांक द्यावा, त्यातील शब्द जसेच्या तसे उतरवावेत, त्यांमुळे काय घडेल ते सांगावे आणि आपल्याला हवे असलेले शब्द लिहून द्यावेत. हे शेवटचे काम बहुतेक लोक करत नाहीत. मसुदा लिहिणाऱ्याला तक्रारीपेक्षा तयार वाक्य अधिक उपयोगी पडते, आणि एखाद्या वेळी तो ते तसेच उचलतोही.

फरक लक्षात यावा म्हणून एक नमुना पाहू. ‘ही मर्यादा अन्यायकारक असून खेळाडूंचे नुकसान करणारी आहे’ हे वाक्य खरे असले, तरी त्यावर करण्यासारखे काही नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘कलम ४, पोटकलम (ब) मध्ये दरमहा १०० काडतुसांची मर्यादा आहे. मी आठवड्यातून एकदा ट्रॅपचा सराव करतो व प्रत्येक वेळी १०० काडतुसे वापरतो, म्हणजे महिन्याला किमान ४००. पोटकलमाच्या शेवटी “मात्र मान्यताप्राप्त नेमबाजी मैदानावर खरेदी करून त्याच दिवशी तेथेच वापरलेली काडतुसे या मर्यादेत धरली जाणार नाहीत” हे वाक्य जोडावे.’ वाचणाऱ्याला इथे होय किंवा नाही म्हणावे लागते, आणि नाही म्हणायचे तर कारण द्यावे लागते.

संघटनेने पाठवलेले छापील पत्र सही करून पाठवणे सोपे असते, पण शब्दशः सारख्या हजार पत्रांतून मुद्दा एकच निघतो, आणि हरकती वाचणारी कार्यालये तो तसाच एक मुद्दा म्हणून नोंदवतात. ते पत्र आधाराला घ्यावे, मात्र स्वतःचे कलम आणि स्वतःचा हिशेब त्यात घालावा. अमेरिकेसारख्या ठिकाणी याला आणखी एक कारण आहे. तिथे नियम करणाऱ्या यंत्रणेला हरकतींमधील महत्त्वाच्या मुद्द्यांना उत्तर द्यावे लागते, आणि त्या टप्प्यावर कोणीच न मांडलेला मुद्दा पुढे न्यायालयात प्रथमच उपस्थित केला, तर तो अनेकदा ऐकून घेतला जात नाही.

धमकीवजा भाषा तर कटाक्षाने टाळावी. ‘आम्ही हा कायदा पाळणार नाही’ असे एखाद्याने रागाच्या भरात लिहिले, तर ते वाक्य निर्बंधाच्या समर्थनार्थ वापरले जाते आणि लिहिणाऱ्याच्या परवान्याच्या नूतनीकरणात अडचण ठरू शकते. प्रस्ताव एखाद्या हत्याकांडानंतर आलेला असेल, तर ज्यांची माणसे गेली त्यांच्याविषयी एक साधे, खरे वाक्य लिहून मग मुद्द्यावर यावे. त्यांच्या दुःखावर शंका घेणारा मजकूर कितीही तर्कशुद्ध असला, तरी पुढे वाचला जात नाही.

एक सावधगिरी फारशी कोणी सांगत नाही. पाठवलेली हरकत बहुतेक ठिकाणी सार्वजनिक होते, म्हणजे ती नावानिशी कोणालाही वाचता येते. त्यामुळे आपल्याकडे किती बंदुका आहेत, काडतुसे घरात कुठे ठेवली आहेत, घर केव्हा रिकामे असते, यांतले काहीही त्यात येऊ देऊ नये. ‘मी महिन्याला ४०० काडतुसे वापरतो’ एवढे पुरेसे आहे. ‘माझ्या माळ्यावर ४ हजार पडून आहेत’ हे चोराला दिलेले निमंत्रण ठरेल. पत्ता अनिवार्य असेल, तर तो मजकुरात न लिहिता त्यासाठी दिलेल्या रकान्यातच भरावा.

दुकानाकडे धाव घेण्याबद्दल

मुदत चालू असताना साठा करून ठेवण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. तिच्यामुळे काय होते, हे २०१३ साली अमेरिकेत दिसले. न्यूटाउन येथील शाळेतील डिसेंबर २०१२ च्या हत्याकांडानंतर निर्बंधांची चर्चा सुरू झाली आणि काडतुसे दिसतील तिथून उचलली जाऊ लागली. एप्रिलमध्ये सिनेटने पार्श्वभूमी-तपासणीचा विस्तार फेटाळला आणि कोणताही नवा संघीय निर्बंध आला नाही. तरीही दुकानांनीच प्रत्येक ग्राहकामागे डब्यांची मर्यादा घातली, आणि सर्वांत साधे, मुलांना नेमबाजी शिकवायला वापरले जाणारे पॉइंट टू-टू काडतूस त्यानंतरही दीर्घकाळ दुर्मीळ राहिले. ज्या मर्यादेची भीती होती, ती खरेदीदारांनी स्वतःच स्वतःवर आणली, असेच म्हणावे लागते. एम८५५ च्या बाबतीतही प्रस्ताव मागे घेतला जाण्यापूर्वीच फळ्या रिकाम्या झाल्या होत्या.

म्हणून नेहमीच्या वापरापुरती खरेदी करावी आणि ती आजच्या कायद्याच्या मर्यादेत ठेवावी. इतरांच्या नावावर घेणे किंवा आपल्या नावावर घेऊन मित्राला देणे अनेक ठिकाणी आजही गुन्हा आहे, आणि प्रस्तावाच्या काळात अशा व्यवहारांवर लक्ष अधिक असते. खरेदीच्या पावत्या तारखेनुसार जपून ठेवाव्यात. नियम लागू होण्यापूर्वी घेतलेल्या मालाला सूट मिळाली, तर तारीख त्या पावतीवरूनच सिद्ध होते. काडतुसे मूळ डब्यातच, कोरड्या व थंड जागी आणि बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवावीत.

हरकत पाठवल्यावर पोचपावतीचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण अंतिम नियम प्रसिद्ध होतो तेव्हा त्यासोबत बहुधा हरकतींवरचे स्पष्टीकरणही येते आणि आपला मुद्दा स्वीकारला, फेटाळला की नुसताच ओलांडला, हे त्यात शोधता येते. ओलांडला असेल, तर फेरविचाराच्या अर्जाला किंवा वकिलाच्या सल्ल्याला तोच आधार होतो. अंतिम नियम हाती येताच लागू होण्याची तारीख, संक्रमण-काळ आणि जुन्या साठ्याविषयीचे कलम या तीन गोष्टी आधी वाचाव्यात, आणि पडताळणीची पद्धत येणार असेल तर परवान्यावरील, ओळखपत्रावरील आणि बंदुकीच्या नोंदीतील नाव व पत्ता एकसारखा करून घ्यावा. कॅलिफोर्नियात परत पाठवले गेलेल्यांपैकी पुष्कळांचे काम एवढ्यावरच अडले होते.